तिसरी पिन

मनोरला मस्तान नाक्याच्या मागे आमचं घर. मुंबई–अहमदाबाद हायवेवरचे ट्रक रात्रभर गिअर बदलत असतात. अशा घरात हाय-फाय सिस्टीम लावणं हा तसा वेडेपणाच. पण 2004 साली नोकरी लागली आणि पहिल्या चार पगारांतून मी लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला स्टीरिओ अॅम्प्लिफायर, गुडघ्याएवढे दोन स्पीकर आणि एक सीडी प्लेअर आणला. एसटीत स्पीकर मांडीवर घेऊन बसलो होतो. वाघोबा खिंडीतल्या प्रत्येक वळणावर शेजारचा प्रवासी मला आणि स्पीकरला मिळून आवरत होता.

सीडी छान वाजली. मग टीव्हीचा आवाजही यातूनच यावा म्हणून लाल-पांढऱ्या वायरची जोडी टीव्हीतून अॅम्प्लिफायरला आणली आणि स्पीकरमध्ये घूं सुरू झाली. बारीक, सलग, भुंगा खोक्यात कोंडल्यासारखी. टीव्ही बंद केला तरी घूं चालूच. नंतर सीडी लावली तर तानपुऱ्याखालीही घूं. विजेची ही घूं पन्नास हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. गवयाने कुठलाही षड्ज धरला तरी ती आपली जागा सोडून त्याच्याशी जुळायला येत नाही. तारप्याचाही एक स्वर सतत मागे चालू असतो, पण तो वाजवणाऱ्याने धरलेला असतो. हा कोणी धरलेला नव्हता.

एका जाणकाराने सांगितलं, अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक. काढली. घूं गेली. मी आठवडाभर ज्याला त्याला बोलावून शांतता ऐकवत होतो.

जुलैत एके सकाळी आई ओल्या फडक्याने अॅम्प्लिफायर पुसत होती. फडकं टाकून मागे सरली. म्हणाली, "हाताला झिणझिण्या आल्या रे." फरशीला ओल आलेली, पाय उघडे. मी म्हणालो, काही नाही, होतं असं. आईने माझं ऐकलं नाही आणि दोन गल्ल्या पलीकडून काकांना बोलावलं. तिचं ते न ऐकणं हाही एक उपकारच.

काका तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. पहाटे कंपनीची बस चिल्हार फाट्यावरून बोईसरला जायची, त्या बसने तीस वर्षं गेले. हाय-फाय त्यांनी कधी घेतली नाही. घरी एक रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता. त्यांनी अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. मग प्लग काढून पाहिला, पिनच्या जागी भोक. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "वहिनी, याने हे काढलं, तेव्हा तुम्ही घरात होतात?"

मग मला बाहेर ओट्यावर बसवून जे सांगितलं, ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "घूं येत होती तोवर काहीतरी चुकतंय हे तुला ऐकू येत होतं. तू चूक काढली नाहीस, ऐकू येणं काढलंस."

आणि त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. टाकीतली पातळी कंट्रोल रूमपर्यंत न्यायला 4 ते 20 मिलिअँपिअरचा करंट वापरतात. टाकी रिकामी असेल तर 4, काठोकाठ भरली तर 20. शून्य कधीच नाही. का? कारण शून्याला रिकामी म्हटलं, तर टाकी रिकामी आहे की वायर तुटली हे कळणार कसं? म्हणून मोजणी चारापासून सुरू करायची. काटा शून्यावर पडला की धावायचं. "बिघाडाला बोलायला जागा ठेवावी लागते," म्हणाले, आणि गवती चहाचा कप माझ्या हातात देऊन आत गेले.

घूं कशाची होती तेही अर्ध्या तासात निघालं. आमच्या घराला एक अर्थिंग. केबल टीव्हीच्या वायरचं जाळीचं वेष्टण दूर कुठल्यातरी खांबापाशी जमिनीला जोडलेलं, म्हणजे ते दुसरं अर्थिंग. दोन्ही ठिकाणच्या जमिनीत थोडा फरक असतोच. एक तिसऱ्या पिनमधून आणि दुसरं टीव्हीमार्गे, अशी ती दोन्ही अॅम्प्लिफायरशी जोडली गेली की फेरा पूर्ण होतो आणि आवाजाच्या वायरीच्या वेष्टणातून वीज फिरू लागते. आवाजाची परतीची वाटही तीच, म्हणून ती स्पीकरमधून ऐकू येते. मी पिन काढली तेव्हा फेरा तुटला खरा, पण ट्रान्सफॉर्मरमधून पत्र्यावर झिरपणाऱ्या विजेला घरच्या अर्थिंगची वाट उरली नाही. ती कोणाच्या तरी हाताची वाट बघत बसली.

काकांनी नवा प्लग बसवला, पिन जागेवर आली, घूं परत आली. मग टीव्हीची केबल उपसली. घूं बंद. आठवड्याने त्यांनी त्या केबलमध्ये एक छोटी डबी घातली, आत कपॅसिटर: टीव्हीचे सिग्नल जाऊ देणारी, पन्नास हर्ट्झ अडवणारी. शेवटी मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा बघितला. तोंड सिमेंटने बुजवलेलं, म्हणून जुलै असूनही आत कोरडा. तो फोडून मीठ आणि कोळसा घातला, दोन बादल्या पाणी ओतलं. पुन्हा टेस्टर. दिवा लागला नाही. तरीही त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू पत्र्याला हलकेच लावून बघितली. तळहात नाही. झटका बसला तर स्नायू आखडून मूठ मिटते आणि तळहात वस्तू पकडून ठेवतो; मागची बाजू सुटते.

पैसे घेतले नाहीत. दिवाळीला मी पाकिटात पाचशे रुपये घालून दिले. ते घेतले. आठ दिवसांनी एक प्लॅस्टिकची पिशवी आली: सीडी प्लेअरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत न्यायची वायरची जोडी, स्वतः डाग देऊन केलेली, सोबत प्लगचं बिल, मीटरने घेतलेल्या शील्डेड वायरचं बिल आणि उरलेले पस्तीस रुपये. म्हणजे मी दिलेले पैसे मलाच परत, वर मजुरी त्यांची.

त्या वायरींवर पांढऱ्या टेपने बाण चिकटवलेला आहे. हाय-फायच्या दुनियेत बाणवाल्या वायरी हजारो रुपयांना मिळतात आणि वीज एका दिशेने गोड वाहते असं सांगणारेही भेटतात. काकांच्या बाणात असली जादू नव्हती. आत दोन तारा, एक जाणारी, एक येणारी. बाहेरची जाळी फक्त सीडी प्लेअरच्या टोकाला डाग दिलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. कारखान्यात शील्ड एकाच टोकाला अर्थ करतात, तेच इथे. बाण म्हणजे जाळी कुठल्या टोकाला जोडली आहे याची खूण.

2016 साली मी अॅम्प्लिफायरच्या जागी नवा रिसीव्हर घेतला आणि खरा पेच तेव्हा पडला. सीडी प्लेअरच्या पाठीला लाल-पांढऱ्या भोकांशिवाय एक कोअॅक्सिअल आणि एक छोटंसं दार असलेलं ऑप्टिकल. कुठलं वापरायचं? मी मनाशी ठरवून टाकलं होतं: काकांच्या वायरी, अॅनालॉग, आवाज ऊबदार. काका तेव्हा रिटायर झालेले. आले, ऑप्टिकल वायर एका टोकाला जोडली आणि दुसरं टोक माझ्या तळहातावर धरलं. टिकलीएवढा लाल ठिपका. पेपरच्या कडेला त्यांनी गुणाकार केला: सेकंदाला 44,100 वेळा मोजणी, प्रत्येकी 16 बिट, दोन बाजू. चौदा लाख अकरा हजार दोनशे. "एका सेकंदात एवढं या ठिपक्यातून जातं. आणि काचेसारख्या या धाग्यातून वीज येत नाही, म्हणजे घूं यायला रस्ताच नाही."

मी म्हटलं, पण अॅनालॉगचा आवाज भरदार आहे. त्यांनी दोन्ही वायरी लावल्या, मल्टिमीटर स्पीकरच्या टोकांना धरला आणि एक सलग स्वर वाजवायला सांगितला. अॅनालॉग इनपुटला व्होल्टेज थोडं जास्त. "भरदार नाही, मोठा आहे." दोन्हींचे व्होल्ट सारखे केले, रिमोट पेपरआड धरला आणि मला ओळखायला लावलं. पहिल्या तीन वेळा मी ठासून सांगितलं. नंतर माझाच आवाज खाली आला. निम्म्याहून जास्त वेळा चुकलो होतो.

खरी मेख पुढे होती. आमच्या रिसीव्हरला अॅनालॉग दिलं की तो आधी त्याचे आकडे करतो, आपलं काम करतो, मग परत अॅनालॉग करतो. सीडीवर आकडेच, प्लेअरने त्यांचा आवाज केला, रिसीव्हरने आवाजाचे पुन्हा आकडे, आकड्यांचा पुन्हा आवाज. पाड्यावरच्या माणसाने वारलीत सांगितलेलं गाऱ्हाणं कारकुनाने मराठीत लिहावं, वर ते इंग्रजीत जावं आणि उत्तर परत मराठीत यावं, तसं. म्हणजे डिजिटल की अॅनालॉग हा प्रश्न वायरीचा नव्हताच. भाषांतर कितीदा आणि कोणाकडून करून घ्यायचं, हा होता. चांगला दुभाषा प्लेअरमध्ये बसला असेल तर लाल-पांढऱ्या वायरी आणि रिसीव्हरमध्ये डायरेक्टचं बटण. रिसीव्हरमध्ये असेल तर लाल ठिपका.

काकांचा कौल ठिपक्याला, आणि कारण त्यांचं जुनंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लगवर हिरवट थर चढतो, अॅनालॉग आवाज हळूहळू मळतो, कानाला सवय होते आणि कळतही नाही. ऑप्टिकल सैल झाली की अडखळते, नाहीतर गप्प होते. "ही बिघडली की सांगते," म्हणाले. "माझ्या वायरी काढ."

काढल्या, पण फेकल्या नाहीत. जुन्या अॅम्प्लिफायरला डिजिटल भोकच नाही. तो आतल्या खोलीत आहे, सीडी प्लेअरही तिथेच गेला, आणि त्यांच्यामध्ये त्या वायरी आहेत. बाण अॅम्प्लिफायरकडे. दर दिवाळीला प्लग उपसून पुसतो. रिसीव्हरला आता टीव्ही आहे, ऑप्टिकलवर. हिशेब करायला बसलं तर काकांचे पस्तीस रुपये माझ्याकडे आहेत, आणि बाकी सगळं त्यांचं.

आता काका मुलाकडे बोईसरला असतात. दोन्ही कानांत मशीन. आत येणाऱ्या आवाजाचे आकडे होतात आणि आकड्यांचा पुन्हा आवाज, हे त्यांनीच मला समजावलं, जरा मिश्कीलपणे. गेल्या मे महिन्यात मुलगा त्यांना घेऊन आला. आतल्या खोलीत मी सीडी लावली. ते स्पीकरपर्यंत गेलेच नाहीत. वाकून अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला उजव्या हाताची मागची बाजू लावली, क्षणभर थांबले, मग खुर्चीत बसले.

"खड्ड्यात पाणी घातलंस का?"

मी बादली घ्यायला उठलो.