ग्रॅनाइटच्या खालची आग

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात एकतिसाव्या पानावर एक खोटं वाक्य आहे. 'येथे खडक किंचित झिजलेला आढळतो.'

तिथे खरं तर लाल मातीचा थर होता, वीतभर जाडीचा. सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्याच्या वर, गवताआड लपलेला. मी दीडेकशे पावलं त्याच्या मागे मागे चालत गेले, तो कुठे तुटला नाही. आपण ज्या काळ्या कातळावर राहतो तो बेसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेला लाव्हा. एक प्रवाह थंड झाला आणि पुढचा यायला खूप काळ लागला, तर मधल्या काळात वरचा दगड कुजून त्याची माती होते. नंतरचा लाव्हा येऊन ती भाजून काढतो. म्हणून असा लाल पट्टा दिसला की समजायचं, इथे एक प्रवाह संपला आणि दुसरा सुरू झाला. सरांच्या जुन्या नकाशात मात्र त्या उतारावर एकच जाड प्रवाह होता.

सर खडूस असते तर मी भांडले असते. पण ते फील्डवर आपल्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी आम्हाला देणारे, हातोडी कशी धरायची इथपासून शिकवणारे. त्यांचा नकाशा खोडायला माझा हात उचलला नाही.

लिओपोल्ड फॉन बूखबद्दल मी वाचायला लागले ते यानंतर. आधी तो फक्त परीक्षेतलं एक नाव होता.

बूख 1774 मध्ये प्रशियातल्या एका जमीनदार घरात जन्मला. सोळाव्या वर्षी तो सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत गेला. तिथे अब्राहम गॉटलोब वेर्नर शिकवायचे. बूख राहायलाही त्यांच्याच घरी होता. पुढे जगप्रसिद्ध झालेला आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथलाच त्याचा सहाध्यायी. वेर्नर लिहायचे कमी, प्रवास त्याहून कमी. पण त्यांचं बोलणं ऐकायला युरोपभरातून पोरं यायची. त्यांचं म्हणणं असं, की पृथ्वीवर एकेकाळी सगळीकडे समुद्र होता आणि बहुतेक सगळे खडक त्या पाण्यातून थराथराने खाली बसले. सगळ्यात आधी ग्रॅनाइट, म्हणजे त्याच्या खाली काही नाही. बेसाल्टही पाण्यातलाच. ज्वालामुखी? जमिनीखालचे कोळशाचे थर पेटतात, त्याचा तो धूर-धुराळा.

आज हसू येतं, पण वेर्नर वेडे नव्हते. सॅक्सनीत शायबेनबर्ग नावाची टेकडी आहे, माथ्यावर बेसाल्टचे खांब. वेर्नरांनी तिथे पाहिलं, की खाली वाळू, त्यावर चिकणमाती, मग अर्धवट मातीसारखा दगड आणि वर बेसाल्ट. एकातून दुसरा हळूहळू उमलावा तसा. डोळ्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. मला तर वाटतं, ते आपल्या माळशेज घाटात आले असते तर अजूनच ठाम झाले असते. पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून ते आडवे, सरळ, पायऱ्या-पायऱ्यांचे थर बघा. लहानपणी मीही तेच समजायचे, की इथे कधीतरी समुद्र होता आणि गाळ साचत गेला.

तर बूख हे सगळं मनात घेऊन निघाला. काही दिवस सरकारी खाणखात्यात नोकरी केली, सोडली. घरचा पैसा होता, लग्न केलं नाही. आयुष्यभर चालला, बहुधा एकटाच. कोटाचे खिसे नकाशे, वह्या आणि दगडांनी फुगलेले. 1799 मध्ये त्याने व्हेसुव्हियस पाहिला. त्या आगीला पुरेल असा कोळसा कुठे दिसेना. तो अस्वस्थ झाला, पण गुरूंची बाजू सोडली नाही.

1802 मध्ये तो फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात गेला. क्लेर्माँ शहराच्या बाजूला विझलेल्या ज्वालामुखींची रांगच आहे. निकोला देमारे या फ्रेंच माणसाने 1763 मध्येच तिथला बेसाल्ट लाव्हा असल्याचं ओळखलं होतं. म्हाताऱ्या देमारेशी कोणी वाद घालायला गेलं की तो एवढंच म्हणायचा म्हणे, 'जा आणि बघा.' बूखने जाऊन बघितलं. विवरातून निघालेला काळा दगड दरीत उतरत गेलेला, अगदी कालच वाहिल्यासारखा. आणि हे सगळे डोंगर उभे कशावर? ग्रॅनाइटच्या पठारावर.

इथे मी वाचताना थांबले होते. कारण वेर्नरांच्याच हिशोबाने ग्रॅनाइट सगळ्यात जुना, सगळ्यात तळाशी. त्याच्या खाली कोळसा असूच शकत नाही. आणि आग तर ग्रॅनाइट फोडून खालून आली होती. म्हणजे गुरूंचं एक विधान खरं मानलं की दुसरं पडत होतं. बाहेरच्या कोणा विरोधकाची गरजच नव्हती.

बूखने काय केलं? ओव्हेर्न्यचा बेसाल्ट आगीतून आला हे मान्य केलं. पण म्हणून सॅक्सनीतलाही तसाच असेल असं काही नाही, असंही म्हणाला! बघा ना. फ्रान्समधला दगड फ्रान्सचा, आमच्या सरांचा दगड सरांचा. ही निरीक्षणं पुस्तकात यायला 1809 साल उजाडलं. सात वर्षं. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

पुढे तो नॉर्वेत गेला. तिथे ग्रॅनाइट चक्क जीवाश्म असलेल्या चुनखडीच्या वर बसलेला सापडला, आणि 'ग्रॅनाइट सगळ्यात जुना' हेही गेलं. 1826 मध्ये त्याने जर्मनीचा 42 तुकड्यांचा भूशास्त्रीय नकाशा काढला. 1842 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं वोलास्टन पदक मिळालं. इथेच गोष्ट संपवता आली असती.

पण 1815 मध्ये तो कॅनरी बेटांवर गेला होता. ला पाल्मा बेटाच्या मध्यभागी प्रचंड खोल खळगा आहे. स्थानिक लोक त्याला काल्देरा म्हणायचे, म्हणजे कढई. हा शब्द भूशास्त्रात आणला तो बूखनेच. कढईभोवतीचे लाव्हाचे थर चारी बाजूंना बाहेर उतरते. बूखला वाटलं, तीव्र उतारावर लाव्हा असा जाड थिजूच शकत नाही. तेव्हा थर आधी आडवे असणार, मग खालून रेटा येऊन सगळं फोडासारखं वर उचललं गेलं आणि माथ्यावर फाटलं. कल्पना देखणी होती, पण चुकीची. स्क्रोप आणि लायेल हे ब्रिटिश सांगत राहिले, की लाव्हा वाहतच उतारावर आला आणि तिथेच थिजला. बूखने शेवटपर्यंत ऐकलं नाही. 1853 मध्ये तो वारला. 1858 मध्ये लायेलने एटनाच्या उतारावरचे दाखलेच मांडले: तीव्र उतारावरही लाव्हा जाड थरात थिजतो.

एकदा एवढं मोठं मत बदललेल्या माणसाला दुसऱ्यांदा का जमलं नाही? पहिल्या वेळी चूक गुरूंची होती, दुसऱ्या वेळी स्वतःची, एवढं सोपं उत्तर मला पटत नाही. कदाचित तोवर तो स्वतःच कोणाकोणाचा वेर्नर झाला होता. त्याला खोडायला कोणाचा तरी हात उचलत नसणार.

गेल्या डिसेंबरात मी त्या घाटात परत गेले. रस्तारुंदीकरणात कडा नव्याने कापलाय आणि लाल पट्टा आता गाडीतूनही दिसतो. फोटो काढला, सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, 'सर, हा मला तेव्हाच दिसला होता. प्रबंधात लिहिला नाही.'

निळ्या टिका आल्या. बराच वेळ काहीच नाही. मग सरांचा मेसेज आला: 'अगं, शेजारी हातोडी तरी ठेवायची. जाडी कशी कळणार?'