तांबडें नाक

चेहरा हा मनाचा आरसा आहे, असें म्हणतात. आमचा आरसा मात्र गेलीं पंधरा वर्षें आमच्याविषयीं खोटी साक्ष देत आला आहे. आमच्या नाकावर व दोन्ही गालांवर एक तांबूस छटा आहे. बीडच्या उन्हांतून चालत शाळेंत आलों, कीं ती विस्तवासारखी फुलते. वास्तविक चहापलीकडे कोणत्याही पेयास आम्हीं कधीं स्पर्श केलेला नाहीं. तथापि एके वर्षीं पालकसभेंत मागील बांकावरून "सर आज घेऊन आलेत वाटतं" हे शब्द आमच्या कानीं पडले, आणि उरलेलें भाषण आम्हीं बहुतेक फळ्याकडे तोंड करूनच उरकलें.

दुसऱ्याच दिवशीं औषधांच्या एका दुकानीं गेलों. दुकानदारानें कांहींएक न विचारतां एक ट्यूब पुढें केली व "आठ दिवसांत गोरे दिसाल" असें आश्वासन दिलें. आठ कशाला, चारच दिवसांत लाली मावळली! तो आनंद आम्हीं दीड वर्ष उपभोगिला. पुढें पुढें ट्यूब संपून दोन दिवस लोटले, कीं चेहऱ्याची आग होई व पुवाच्या पुटकुळ्या उठत; पुनः लावावी, तों सर्व शांत. आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस हा व्यवहार समजावून सांगणें नलगे. मुकादमाची उचल घ्यावी, हंगामभर ऊस तोडूनही ती फिटूं नये, आणि बाकीच्या पायीं पुढील वर्षीं पुनः उचल घ्यावी, तशांतलाच तो प्रकार होता.

शेवटीं अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत गेलों. तेथील डॉक्टरीणबाईंनीं नाडी पाहण्यापूर्वींच विचारलें, "ट्यूब कोणती लावता, ते आधी सांगा." ती पाहून त्यांनीं मान हलविली. आमचा मूळ रोग 'रोझेशिया'. पण त्या मलमांत स्टिरॉइड असून, त्यानें त्वचा पातळ होऊन रोग अधिकच बळावला होता. योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरतें हें औषध उत्तमच. चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळण्याची ती वस्तु नव्हे. इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ भारतीय रुग्णांपैकीं ४३३ जण असेंच मलम लावीत असल्याचें आढळलें. इ. स. २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें विकूं नये असा नियमही आहे. आमच्यासारखीं गिऱ्हाइकें असेपर्यंत नियम बिचारा काय करील!

ट्यूब बंद केल्यावर कांहीं आठवडे चेहरा आणखी बिघडेल, हें बाईंनीं आधींच सांगून ठेविलें होतें. ते सहा आठवडे वर्गांत उभें राहणें म्हणजे आम्हांस शासनच वाटलें. सोबत मेट्रोनिडाझोलचें जेल व थोड्या मात्रेंत डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या होत्या. या गोळ्या गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस देत नाहींत. पुढें आयव्हरमेक्टिनचें मलम मिळालें. सर्वांच्याच त्वचेवर राहणारा एक सूक्ष्म किडा या रोगांत फार वाढतो, त्यावर तें चालतें. ॲझेलेइक ॲसिड हाही एक मार्ग आहे. उठून दिसणाऱ्या बारीक शिरांवर लेसर चालतो. पण त्यासाठीं मोठें शहर गांठावें लागतें, म्हणून त्या शिरा आम्हीं तशाच ठेविल्या आहेत. डोळ्यांत खडा गेल्यासारखें खुपूं लागलें तर मात्र विलंब करूं नये, असें बाईंनीं बजाविलें.

हा रोग समूळ जात नाहीं. तो आवरून धरावा लागतो. कशानें भडकतो, याची नोंद ठेवण्यास आम्हांस सांगण्यांत आलें. वहींत ऊन, चुलीची धग, कढत चहा व मिरचीचा ठेचा हे चार आरोपी सांपडले. पहिल्यासाठीं टोपी, उपरणें व ऊन अडविणारें मलम घेतलें. चहा निववून पिऊं लागलों. ठेच्यास मात्र अद्याप पुरता निरोप देववलेला नाहीं. आम्ही घरांत सर्वांत गोरे, म्हणून लाली दिसली तरी. सांवळ्या त्वचेवर ती लपते, आणि केवळ आग होते म्हणणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाहीं.

आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनीं एकदां इटलीच्या घिर्लांदायो या चित्रकाराचें इ. स. १४९० च्या सुमाराचें एक चित्र दाखविलें. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांतील म्हाताऱ्याचें नाक गांठी येऊन सुजलेलें आहे. तें नाक या रोगाच्या वाढलेल्या रूपाचें मानितात. मांडीजवळचा नातू मात्र वर तोंड करून आजोबांकडेच टक लावून पाहत आहे. त्याला त्या नाकाचें कांहींच वाटत नसावें.

गतवर्षीं नववींतील एका मुलीच्या दप्तरांतून एक ट्यूब खालीं पडली. आमच्या ओळखीचीच होती. सायंकाळीं तिच्या घरीं गेलों. आई नुकतीच ऊसतोडीहून परतलेली. "उन्हानं पोरीचं तोंड काळवंडलं, सर. चार पैसे राखून आणली," ती म्हणाली. आम्हीं उपदेश केला नाहीं. त्या सहा आठवड्यांतील आमचें एक छायाचित्र खिशांत होतें, तें तिच्या हातीं दिलें. तिनें तें बराच वेळ पाहिलें, मग आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि पदरानें हात पुशीत विचारलें, "आंबाजोगाईची यष्टी किती वाजता असती, सर?"