21 हजारांच्या आत

लिंबागणेश, जि. बीड

चि. ताईस,


तहसीलमधलं संजय गांधी निराधार योजनेचं टेबल तुझ्याकडे आल्याचं वहिनींनी कळवलं. आनंद झाला. लगेच लिहायला बसलो, कारण लिंबागणेश मंडळातल्या कितीतरी म्हाताऱ्या, विधवा बायांची नजर त्याच टेबलाकडे लागलेली असते.

अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 साली ही योजना आली. 2023 मध्ये महिन्याचं अनुदान 1000 वरून 1500 रुपये झालं. पण विधवा बाईला पात्र ठरायचं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. आता हिशेब मांड. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. कामावर गेलेली बाई 68 व्या दिवशी ही मर्यादा ओलांडते. कायद्यानं हमी दिली होती 100 दिवसांची! सरकारनंच कबूल केलेलं काम तिनं पुरं केलं, तर सरकारी कागदावर ती निराधार राहत नाही.

तरीही उत्पन्नाचे दाखले निघतातच. ते निघतात तलाठ्याच्या नजरेवर. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडी तलाठीच.) कोणती मजुरी धरायची, कोणती सोडायची, हे चौकशीच्या वेळी तो ठरवतो. अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनीही 1980 सालीच लिहिलं की, खिडकीवरचा कर्मचारी जे ठरवतो तेच लोकांच्या लेखी सरकारचं धोरण असतं. बीडमध्ये हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र बाहेरच्या साहेबाला चटकन कळत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला की कोयता मोडतो. एकट्या बाईला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. घेतलंच तर दीर, भाऊ किंवा पोराच्या जोडीनं. तिनं मुकादमाकडून उचल घेतली असेल तर ते कर्ज आहे, अंगमेहनतीनं फेडायचं. ते उत्पन्नात धरणं हा उघड अन्याय आहे. शिवाय दिवाळीनंतर वस्त्या रिकाम्या होतात, त्या गुढीपाडव्याच्या सुमारास भरतात. त्या काळात चौकशी झाली, कुलूप दिसलं आणि "गावात आढळून आली नाही" असा शेरा पडला, तर पोट भरायला गेलेल्या बाईचं नाव पोटासाठी गेल्यामुळंच कटतं.

मर्यादाच इतकी तोकडी असल्यावर सवलत द्यावीच लागते. प्रश्न आहे तो ती कुणाला मिळते याचा. गावपुढाऱ्याबरोबर जीपमधून आलेल्या बाईची मजुरी कुणी विचारत नाही. एकटी आलेली बाई खरं सांगते, "शंभर दिवस गेले साहेब कामावर," आणि तिचा अर्ज बाजूला पडतो. ज्या मोजपट्टीनं पहिलीला आत घेतलं, तीच दुसरीला लावली पाहिजे. इथं मी तडजोड मानणार नाही.

हाच पेच दुसऱ्या मदतीतही आहे. 2006 च्या शासन निर्णयानं शेतकरी आत्महत्येनंतर वारसांना 1 लाखाची मदत ठरवली: 30,000 हातात, 70,000 ठेवीत. तिथंही सारं "पात्र" की "अपात्र" यावर अडतं. कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर कागद असतो. गावातल्या खासगी देण्याला कागद कुठला? आधी घरधनी गेला, मग कागद नाही म्हणून मदतही गेली, अशी घरं आपल्या जिल्ह्यात आहेत.

21,000 चा आकडा तुला बदलता येणार नाही. तो मंत्रालयानं बदलावा, आणि लवकर. तुझ्या हातात चौकशीचा महिना आहे, सगळ्यांना लावायची प्रश्नांची एकच यादी आहे आणि शेरा आहे. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे करायचं तेही कळवायचं. ते कारण त्या बाईला वाचून दाखव आणि अपिलाच्या अधिकाऱ्याचं पद तिच्या कागदावर लिहून दे.

तुझा,
काका