खेळाडूच्या तोंडचं वाक्य

गावच्या सावकाराचं, नाक्यावरच्या शिपायाचं, डोंगरातल्या चेटकिणीचं बोलणं मी एका बैठकीत लिहून टाकते. अडते ती खेळाडूच्या तोंडच्या वाक्यापाशी. रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या आरपीजीमध्ये, नायक कोण हे मला ठाऊक नसतं. खेळणाऱ्याने तो स्वतः घडवलेला असतो: कुणी कनवाळू वैदू, कुणी तोंडाळ चोर, कुणी पैशासाठी आईलाही विकणारा. या सगळ्यांसाठी मी तीन-चार वाक्यं लिहून ठेवायची आणि त्यांनी त्यातलं एक निवडायचं. खेळणाऱ्याच्या मनात पाचवंच काही असलं, की आपल्याला कुणीतरी चालवतंय हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

ही अडचण संगणकाबरोबर आली. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हा ती नव्हती. टेबलाभोवती मित्र, मधे फासे आणि खेळ चालवणारा डन्जन मास्टर. ‘मी राक्षसाशी लढत नाही, त्याला जेवायला बोलावतो,’ असं कुणी म्हटलं तर मास्टर हसतो, फासे टाकायला लावतो आणि पुढचं रचतो. संगणकाला ऐन वेळी काही सुचत नाही. राक्षस जेवायला यायचा असेल, तर त्याचं ताट कुणीतरी वर्षभर आधी वाढून ठेवलेलं असावं लागतं. आरपीजीतलं स्वातंत्र्य कसं बदलत गेलं हे मला या वाढून ठेवण्याच्या हिशेबातच दिसतं.

रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा ४’ १९८५चा. अवतार ही कल्पना त्याने आपल्याकडून उचलली आणि शेवटी मारायचा कुणी महाखलनायक न ठेवता आठ सद्गुण अंगी बाणवणं हेच खेळाचं उद्दिष्ट ठरवलं. त्यात जडीबुटी विकणारे दुकानदार आंधळे आहेत. वस्तू घेतल्यावर किती मोहरा द्यायच्या, तो आकडा खेळाडूने स्वतः टाइप करायचा. एकच मोहर टेकवून निघालात तरी दुकानदार काही बोलत नाही. पण आत कुठेतरी नोंद होते, प्रामाणिकपणा घटतो आणि राजवाड्यातला द्रष्टा हॉकविंड तुमच्या वागण्याचा हिशेब सांगतो. तुटपुंज्या मेमरीच्या त्या काळात, चारदोन ओळींत, खेळाडूला खऱ्या अर्थाने लबाड होता आलं.

१९९७चा ‘फॉलआउट’ याच वाटेने पुढे गेला. पात्र घडवताना बुद्धीचा आकडा चारच्या खाली ठेवला, तर नायकाला धड बोलता येत नाही. तो हुंकार देतो आणि समोरची माणसं कंटाळून निघून जातात. म्हणजे हा मठ्ठ नायक घेऊन खेळणाऱ्या मूठभरांसाठी कुणीतरी संवाद वेगळे लिहिले. उलट टोकाला, ‘मास्टर’ नावाच्या अंतिम शत्रूला गोळीही न झाडता हरवता येतं. त्याने निर्माण केलेल्या नव्या जमातीला मुलंच होऊ शकत नाहीत, याचा पुरावा त्याच्यासमोर ठेवायचा. आपलं अख्खं स्वप्न फोल आहे हे पटल्यावर तो स्वतःचा शेवट करून घेतो. दोन वर्षांनी आलेल्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’मध्ये तर एकच वाक्य दोनदा दिसायचं, एकापुढे ‘खरं’ आणि दुसऱ्यापुढे ‘खोटं’ असं लिहून. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच. फरक बोलणाऱ्याच्या मनात. असा पर्याय लिहायला शब्द लागत नाहीत, खेळाडूच्या आत काहीतरी चाललंय हे मानावं लागतं.

मग आवाज आला. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये बोलणं बहुतेक मजकुरातच होतं, आणि त्यात तुम्ही कुणालाही मारू शकत होता. ज्याच्यावाचून मुख्य कथा पुढे सरकू शकत नाही असा माणूस मेला, की पडद्यावर सूचना यायची: भविष्यवाणीचा धागा तुटला, हवं तर मागे जा, नाहीतर या बुडालेल्या जगात राहा. राहायची मोकळीक होती. त्याच मालिकेतल्या २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये सगळी पात्रं आवाजात बोलू लागली आणि कथेतली महत्त्वाची माणसं मरेनाशी झाली. ती कोसळायची, बेशुद्ध व्हायची आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उभी राहायची. कथा शाबूत राहिली. खेळाडूच्या हाताला मात्र वजन उरलं नाही.

मजकूर स्वस्त असतो. टेस्टरने संध्याकाळी चूक दाखवली तर मी रात्री ओळ बदलते. तीच ओळ रेकॉर्ड झाली असेल, तर पुन्हा कलाकार, पुन्हा स्टुडिओ, पुन्हा भाषांतरं. त्यामुळे आवाज नायकाच्या गळ्यात उतरला तेव्हा पर्याय आकसणं ठरलेलंच होतं. २००७च्या ‘मास इफेक्ट’ने संवादांचं चक्र आणलं: चाकावर दोन-चार शब्द, निवडल्यावर नायक शेपर्ड पूर्ण वाक्य बोलणार. तिथे ते शोभलं, कारण शेपर्ड हा मुळात लष्करी अधिकारी. त्याला थोडं इकडे किंवा तिकडे वळवायचं, एवढाच करार होता. ‘विचर’चा नायक गेराल्ट याचंही तसंच. पण २०१५च्या ‘फॉलआउट ४’ने कुणीही होण्याचं आश्वासन देऊन हीच पद्धत घेतली. चार बटणं, चार पर्याय, त्यातल्या एकावर कधी नुसतं ‘उपरोधिक’. दाबल्यावर नायक काय बोलेल याची खेळाडूलाच धाकधूक. २०२३च्या ‘स्टारफिल्ड’मध्ये त्याच कंपनीने नायकाला पुन्हा मुका केला आणि पूर्ण वाक्यं परत आणली.

माझ्या टेबलावर सध्या आहे तो प्रसंग साधा आहे. पुलावर शिपाई जकात मागतो. पैसे देणं, थाप मारणं, तलवार उपसणं हे तीन रस्ते कुणीही लिहील. पण खेळाडू वाटेत याच शिपायाच्या भावाला मारून, त्याचं चिलखत चढवून आला असेल तर? स्प्रेडशीटमध्ये त्याची वेगळी ओळ, ओळीपुढे अटी: भाऊ मेला, हो. चिलखत अंगावर, हो. शिपायाला बातमी, नाही. सगळा प्रसंग या तिसऱ्या अटीवर उभा आहे. बातमी कळली असती तर त्याने सरळ वार केला असता. कळली नाही म्हणून तो छातीवरचा पोचा न्याहाळतो आणि विचारतो, ‘हे कुठून घेतलंस?’ खेळाडूसाठी एक खरं उत्तर, एक थाप आणि तिसरं, काहीच न बोलणं. या तिसऱ्यासाठी मी भांडते. गप्प राहणाऱ्याला शिपाई जकात न घेताच जाऊ देतो, आणि पुढच्या मुक्कामावर रात्री दार वाजतं.

बैठकीत यावर ठरलेला प्रश्न येतो: हे बघणार किती जण? थोडेच. पण ज्याला शिपायाचा तो प्रश्न एकदा विचारला गेला, तो पुढे प्रत्येक दारात बेताने शिरतो. उरलेल्या शंभर दारांमागे काही लिहिलेलं नसलं तरी त्याला ते असल्यासारखं वाटतं. स्वातंत्र्य असं थोडक्या जागी खर्चून सगळीकडे पोचवता येतं, मात्र जागा नेमकी निवडावी लागते.

२०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’ची जाहिरात सतरा हजार तऱ्हांच्या शेवटांनी झाली. मला आवडली ती एक बारीक गोष्ट: मंत्राने मुडद्याला बोलतं करता येतं, पण तुम्हीच त्याला मारलं असेल तर तो तोंड उघडत नाही. मग वेषांतर करून जायचं. मुडदा फसतो आणि बोलतो. या गेममध्येही नायकाचे संवाद न बोललेलेच आहेत, आवाज बाकी सगळ्यांना. २०१९चा ‘डिस्को एलिझियम’ तर नायक ठरवूनच देतो, एक दारुडा पोलीस. पण त्याच्या डोक्यातली चोवीस कौशल्यं आपापसांत वाद घालतात आणि फासे उलटे पडले तर अपयशाचा प्रसंगही यशाइतक्याच निगुतीने लिहिलेला सापडतो.

म्हणून नवा गेम हातात आला, की मी नकाशा किती मैलांचा आणि शेवट किती हे बघत नाही. पहिल्याच गावात एखादं क्षुल्लक, क्षुद्र काम करते: भिकाऱ्याच्या वाडग्यातलं नाणं उचलते, नाहीतर प्रश्नाला उत्तर न देता निघून जाते. कुणीतरी त्याची दखल घेतली, तर पुढे राजा निवडायची वेळ येईल तेव्हा ती निवड माझी असेल. कुणीच घेतली नाही, तर तो राजा कोण होणार हे लेखकाने कधीच ठरवून ठेवलेलं असतं.