रिपोर्टवरची बारीक ओळ

आईला डायबिटीस आहे, त्यामुळे क्रिएटिनिन हा शब्द आमच्या घरात मिठाइतकाच रोजचा. मध्यंतरी दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवले, तर आकडे वेगळे. खाली बारीक अक्षरात पद्धतही वेगळी होती: एकावर ‘जाफे’, दुसऱ्यावर ‘एन्झायमॅटिक’. त्या ओळीमागे मी लागलो.

मॅक्स जाफे यांनी १८८६ मध्ये दाखवलं, की अल्कलीत पिक्रिक आम्ल आणि क्रिएटिनिन एकत्र आले की नारिंगी-लाल रंग येतो. ही टेस्ट स्वस्त आहे, आजही चालते. पण खूप वाढलेली साखर आणि कीटोनसुद्धा त्या रंगात भर घालू शकतात. म्हणजे गोंधळ नेमका डायबिटीसवाल्यांच्याच वाट्याला.

दुसऱ्या पद्धतीचा भार क्रिएटिनेज नावाच्या एन्झाइमवर आहे. स्यूडोमोनाससारखे काही जिवाणू ते बनवतात. त्याचं जनुक ई. कोलायमध्ये घातलं की हवं तेवढं एन्झाइम मिळतं. ते पाण्याच्या मदतीने क्रिएटिन तोडून सार्कोसिन आणि युरिया करतं. सार्कोसिनपासून दुसरं एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, त्यातून रंग येतो आणि मशीन तो मोजतं.

रक्तात क्रिएटिन आधीपासून असतंच. जिमवाले पावडरीतून घेतात तेच हे. म्हणून अनेक किटमध्ये क्रिएटिनेज दोनदा राबतं. आधी ते हे जुनं क्रिएटिन संपवतं, त्यातून आलेलं पेरॉक्साइड कॅटलेज मोडून टाकतं. मग क्रिएटिनिनेज हे वेगळं एन्झाइम क्रिएटिनिनचं क्रिएटिन करतं, आणि आता मोजलं जातं ते फक्त त्याचंच. एन्झाइम तसं नाजूक: उष्णतेने बिघडतं, पारा किंवा चांदीच्या आयनांनी बंद पडतं. म्हणून किट फ्रिजमध्ये ठेवतात. ही पद्धत महागही पडते.

एवढी कटकट कशाला? कारण ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं, तर डॉक्टरांच्या निकषानुसार ती किडनीला झालेली अचानक इजा ठरते. दशांशचिन्हानंतरच्या एका आकड्यावर माणूस अ‍ॅडमिट होऊ शकतो. तो आकडा किडनीमुळे हलला की पद्धत बदलल्यामुळे, हे कळायलाच हवं.

तुमच्याही घरी अशी फाइल असेल, तर शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने टेस्ट करा. लॅब बदललीच, तर डॉक्टरांना आकड्यासोबत ती बारीक ओळही दाखवा.