रुंद रस्ते, जुनी गावं : नवा रायपूरची दोन दिवसांची सहल

सुट्टी दोनच दिवसांची, मंडळी चार आणि प्रत्येकाचं मत वेगळं. अशा वेळी ठिकाण ठरवणं किती अवघड असतं, हे तुम्हालाही माहीत असेल. माझ्या मैत्रिणीला फोटो काढायचे होते, तिच्या भावाला वाघ बघायचा होता, तिच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना फार चालायचं नव्हतं आणि मला गर्दी नको होती. या सगळ्यांत बसणारं एक ठिकाण सापडलं, ते म्हणजे नवा रायपूर.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं. जुनं रायपूर राजधानीसाठी अपुरं पडू लागलं, म्हणून जवळच हे नवीन शहर आखण्यात आलं. २०१२ मध्ये मंत्रालय इथे आलं आणि २०१८ पासून शहराच्या नावाला ‘अटल नगर’ जोडलं गेलं. नागपूरहून रेल्वेने चार-पाच तासांत रायपूर येतं. तिथून पुढे गाडीने साधारण अर्धा-पाऊण तास. विमानाने आलात, तर विमानतळ दोन्ही शहरांच्या मध्येच आहे.

पुरखौती मुक्तांगण

पहिल्या दिवशी सकाळीच इथे जा. ‘पुरखौती’ म्हणजे पूर्वजांचा वारसा. सुमारे २०० एकरांच्या या परिसराचं उद्घाटन २००६ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झालं होतं. पंथी आणि राऊत नाचाचे पुतळे, गव्याच्या शिंगांचा मुकुट घातलेले नर्तक, चित्रांनी भरलेल्या भिंती, भोरमदेव मंदिराची प्रतिकृती... मैत्रिणीचा फोन दुपारपर्यंत भरून गेला.

बस्तरच्या विभागाचं नाव वाचून काकू थबकल्या. ‘आमचो बस्तर’. ‘‘अगं, हे तर आपलंच वाटतंय!’’ त्यांचं काही चुकलं नाही. हे नाव बस्तरच्या हलबी बोलीतलं आहे आणि हलबीत छत्तीसगढी, ओडिया यांच्याबरोबर मराठीचंही मिश्रण आहे. तुम्ही गेलात, तर इथे थोडा जास्त वेळ ठेवा.

जंगल सफारी

सुमारे ८०० एकरांवरची ही सफारी २०१६ मध्ये सुरू झाली. शाकाहारी प्राणी, अस्वल, वाघ आणि सिंह असे चार वेगवेगळे भाग आहेत. आपण जाळीच्या बसमध्ये बंद आणि प्राणी बाहेर मोकळे! लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील, तर ही सोय फारच चांगली. आमचा वाघ झाडाखाली पाय पसरून झोपला होता. त्याने फक्त एक कान हलवला. तेवढ्यावरही भावाची सहल सार्थकी लागली.

क्रिकेटवेड्यांनी शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम बाहेरून तरी पाहावं. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या पहिल्याच एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात भारताने न्यूझीलंडला १०८ धावांत गुंडाळलं होतं. पण मुलांना नावामागची गोष्टही सांगा. सोनाखानचे जमीनदार असलेल्या नारायण सिंहांनी दुष्काळात कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटलं. इंग्रजांनी त्यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिली.

रिकामं शहर?

दुपारी रुंद रस्त्यांवरून फिरताना भाऊ कंटाळला. ‘‘इथे माणसंच नाहीत. नुसते रस्ते आणि सरकारी इमारती!’’ मलाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात एका वळणावर चहाची टपरी दिसली. मागे तलाव, कौलारू घरं, वडाचा पार. चक्क एक गाव!

चहा करणाऱ्या मावशींशी काकूंचं लगेच जमलं. गाव कुठलं, शेती आहे का, असं विचारल्यावर मावशींनी समोरच्या रस्त्याकडे हात केला. ‘‘इही मेर हमर खेत रिहिस.’’ म्हणजे इथेच आमचं शेत होतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी चहा गाळला, कप पुढे केले आणि मुलगा आता शहरात नोकरी शोधतोय, एवढंच सांगितलं.

भाऊ गप्प झाला. आम्हाला जे रिकामं दिसत होतं, ते कुणाच्या तरी धानाचं शिवार होतं. २०२२ मध्ये इथल्या २७ गावांतल्या शेतकऱ्यांनी मोबदला आणि इतर मागण्यांसाठी दीर्घ आंदोलन केलं होतं, हे मी पूर्वी फक्त वाचलं होतं. सकाळी ज्या पूर्वजांचे पुतळे पाहिले, त्यांची लेकरं-नातवंडं याच गावांत राहतात. म्हणून सांगते, नवा रायपूरला गेलात, तर इमारतींबरोबर एखादं गावही बघा. चहा घ्या, दोन शब्द बोला.

संध्याकाळ जुन्या शहरात

मुक्काम जुन्या रायपुरात केला, तर संध्याकाळ छान जाते. भावाला बारमध्ये बसायचं होतं, पण काकूंनी आम्हाला तेलीबांधा तलावावर नेलं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी रायपूरकर या तलावाच्या काठाला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात! इथे पाणीपुरीला ‘गुपचूप’ म्हणतात. नाव सांगून गुपचूप खाणं मात्र आम्हाला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातल्या ‘गढकलेवा’त जेवलो. महिला बचत गटाच्या हातचा तांदळाचा चीला म्हणजे आपल्या घावनाचा भाऊच. वाफवून फोडणी दिलेला फरा, तांदळाच्या पुरीसारखा चौसेला, बेसनाची ठेठरी, गुळाची खुरमी हे सगळं मागवा. अइरसा खाऊन काकू म्हणाल्या, ‘‘हा तर आपला अनारसा.’’

जाण्यापूर्वी लक्षात ठेवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. सोमवार टाळा, त्या दिवशी जंगल सफारी बंद असते. ठिकाणं दूर-दूर आहेत, त्यामुळे दिवसभराची गाडी ठरवा. पाणी आणि टोपी जवळ ठेवा.

आणि शक्य असेल, तर अनोळखी माणसाशी सहज बोलणारं कुणीतरी सोबत न्या. आमच्या काकू नसत्या, तर आम्ही ते शहर रिकामंच समजून परतलो असतो.