चिखलात उतरणारा कॅमेरा

शेतकऱ्याच्या घरी फोटो म्हटला की पूर्वी तो लग्नाचा असे, नाहीतर भिंतीवर हार घातलेल्या आजोबांचा. आता तसे राहिले नाही. धानावर डाग दिसला की फोटो, रानडुकरांनी बांधी तुडवली की फोटो. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पीक चढवायलाही शेतात उभे राहून फोटोच काढावा लागतो. विळा, कुदळ, फावडे यांच्या रांगेत कॅमेराही येऊन बसला म्हणायचा. आणि अवजार म्हटले की ते पारखूनच घ्यावे.

मी मुलचेऱ्याला पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. आमचा तालुका जंगलाचा, धानाचा आणि भरपूर पावसाचा. रोवणीपासून निसव्यापर्यंत माणूस चिखलात आणि आभाळ डोक्यावर, असेच आमचे दिवस जातात. गेल्या वर्षी एका गावच्या शेतकरी गटाने मला विचारले, "साहेब, तुम्ही रोगाचा फोटो पाठवा म्हणता. पण आमच्या दोघांचे मोबाइल रोवणीतच बांधीत पडून गेले. पाण्यात चालणारा कॅमेरा असतो म्हणे. वर्गणी काढून घ्यावा काय?"

प्रश्न साधा, पण त्यामागचा पैसा साधा नव्हता. मजुरीतून, अंडी-कोंबड्या विकून बाजूला ठेवलेला तो पैसा. ऐकीव माहितीवर हो म्हणणे मला बरे वाटले नाही. माझ्या भाच्याकडे असा एक कॅमेरा होता. तो पावसाळाभरासाठी मागून आणला आणि रोज फिरतीवर बरोबर नेला. त्याच्या कंपनीचे नाव सांगत नाही, कारण हा मजकूर जाहिरातीचा नव्हे.

ही जात काही आजची नाही. पाण्याखाली फोटो काढण्यासाठी फ्रान्समध्ये समुद्रसंशोधक कूस्तो यांच्या प्रेरणेने 'कॅलिप्सो' नावाचा कॅमेरा निघाला. पुढे निकॉन कंपनीने तो घेऊन १९६३ साली 'निकोनॉस' म्हणून बाजारात आणला. १९८० च्या दशकाअखेर जपानच्या कोनिका कंपनीने बांधकामावर वापरायला एक दणकट कॅमेरा काढला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'कामावरचा मुकादम'. मला हे नाव फार आवडले. हौशी माणसासाठी नव्हे, तर घाम गाळणाऱ्यासाठी केलेली वस्तू! आजच्या कॅमेऱ्यांपैकी ऑलिंपसचा २०१९ सालचा टीजी-६ घ्या. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तो १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी टिकतो, आणि भिंगापासून एक सेंटीमीटरवरच्या वस्तूचाही स्पष्ट फोटो घेतो.

आपल्याला १५ मीटर पाणी कशाला लागते? आपली बांधी वीतभर पाण्याची. पण तेवढ्याच पाण्यात खरी गोम आहे. तपकिरी तुडतुडे शेंड्याला शोधून सापडत नाहीत. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या चार बोटे वर बसून ते रस शोषतात. धुऱ्यावरून पाहिले तर पीक हिरवेगार दिसते, आणि मग एके दिवशी बांधीच्या मधोमध करपल्यासारखा गोल चट्टा पडतो. असा चट्टा दिसल्यावर फोटो काढण्यात उशीर झालेला असतो. मी हा कॅमेरा दोन ओळींमधून थेट पाण्यालगत धरला आणि बुंध्याचे फोटो घेतले. पडद्यावर मोठे करून पाहिले, तर तुडतुडे एकेक करून मोजता आले. एका चुडाला दहाच्या आसपास दिसले की उपाय करायचा, हे आम्ही सभेत सांगतो. त्या दिवशी बायामाणसांनी ते स्वतः मोजले. माझ्या दहा भाषणांनी झाले नसते ते काम झाले.

दुसरा गुण बटणांचा. ओल्या, चिखलाच्या बोटांना मोबाइलचा पडदा जुमानत नाही. इथे खटका दाबला की फोटो. चिखल लागला तर बादलीत बुडवून धुवायचा, की झाले.

तिसरा उपयोग रोग ओळखण्याचा. करपा आणि कडाकरपा यांत पुष्कळांची गफलत होते. करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. कडाकरपा पानाच्या टोकाकडून कडेकडेने, नागमोडी पिवळा होत खाली उतरतो. पहिला बुरशीचा, दुसरा जिवाणूचा. बुरशीचे औषध दुसऱ्यावर मारले तर पैसे पाण्यात जातात, आणि वर युरिया टाकला तर रोगाला आणखी बळ मिळते. जवळून घेतलेल्या स्वच्छ फोटोत हा भेद लगेच कळतो.

आता उणी बाजूही सांगितली पाहिजे. या कॅमेऱ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा भाग नखाएवढा असतो. त्यामुळे दाट झाडीत किंवा तिन्हीसांजेला फोटो दाणेदार आणि धुरकट येतात. तिथे चांगला मोबाइल सरस ठरला. दूरचे जवळ दिसण्याची सोयही बेताची. रानडुकराचा फोटो घ्यायला कोणी त्याच्या जवळ जाऊ नये, जीव फोटोपेक्षा मोठा. फोटो काढून भागत नाही, तो मोबाइलमध्ये घेऊन मगच पुढे पाठवता येतो. आणि 'वॉटरप्रूफ' म्हणजे अमरपट्टा नव्हे. पाणी अडवते ते झाकणाचे रबर. त्यावर वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत शिरते. म्हणून ओल्या हाताने झाकण उघडू नये, आणि रबर वर्षाकाठी बदलून घ्यावे.

किंमत म्हणाल, तर याच मालिकेतला टीजी-७ २०२३ साली अमेरिकेत सुमारे ५५० डॉलरला निघाला. एवढ्या पैशात आपल्या घरात दुसरे बरेच काही येईल.

दिवाळीआधी गटाची बैठक झाली, तेव्हा मी सगळे मांडले. कॅमेरा सांगितल्यासारखाच निघाला, पण एका घराने तो घेऊ नये. गावाने मिळून एक घ्यायला हरकत नाही, पण नोंद ठेवणारा माणूस आधी ठरवा. एक म्हातारी बाई म्हणाली, "घेऊ बाप्पा, पण ठेवायचा कोणाकडे?" सगळे हसले. पण तिने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. ज्याच्या घरी वस्तू, त्याच्याच शेताचे फोटो, असे झाले तर गट मोडायला वेळ लागत नाही. शेवटी ठरले की धान विकल्यावर पुन्हा बसायचे. तोवर पाने पाहायला एक भिंग आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणाऱ्या पिशव्या घ्यायच्या. पिशवीतला पडदा पावसात ऐकत नाही, तेव्हा बहुतेक मोबाइलमध्ये आवाज कमीजास्त करायच्या बटणानेही फोटो निघतो, हे त्यांना करून दाखवले.

वाचक बंधू-भगिनींनो, फोटो कशानेही काढा, पण रीतीने काढा. पहिला फोटो धुऱ्यावरून, सगळी बांधी दिसेल असा. दुसरा एका पूर्ण चुडाचा, बुंध्यासह. तिसरा रोगट पानाचा, दोन्ही बाजूंनी, शेजारी काडेपेटीची काडी ठेवून, म्हणजे डाग केवढा ते कळते. सकाळी किंवा ढगाळ उजेडात काढा, भर उन्हात ओले पान चकाकते. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो पुसट होत नाही. सोबत वाण, रोवणीची तारीख आणि टाकलेले खत लिहा. एवढे आले, तर मुलचेऱ्यात बसलेल्या आम्हाला किंवा सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांना नीट सल्ला देता येतो. नुसते हिरवे-पिवळे चित्र पाठवून "साहेब, काय मारू?" विचारले, तर उत्तर अंदाजाचेच मिळणार, आणि त्या अंदाजाची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते.